सील नंबर चार-चार-सात-एक

न्हावा शेवाला येणाऱ्या मोठ्या जहाजावर, ते धक्क्याला लागण्याआधी, एक माणूस दोरीच्या शिडीने चढतो. तो बंदराचा पायलट. भरती किती वाजता आहे, गाळ कुठे साचलाय, आज जहाज ओढणाऱ्या टग बोटी किती मिळणार, धक्क्यापाशी वारा कसा फिरतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. जहाज पाण्यात किती बुडालंय, इंजिन उलटं फिरवायला किती वेळ लागतो, नाळेकडचा थ्रस्टर चालतोय की बंद पडलाय, हे कॅप्टनच्या डोक्यात. कॅप्टन फिलिपिनो असेल, युक्रेनियन असेल, चिनी असेल. पायलटची मातृभाषा मराठी असेल नाहीतर मल्याळम. पहिली काही मिनिटं दोघं आपापल्याकडची माहिती एकमेकांसमोर मांडतात. याला जहाजी लोक ‘मास्टर-पायलट एक्स्चेंज’ म्हणतात. मग पायलट ‘पोर्ट टेन’ अशी आज्ञा देतो. सुकाणूवरचा माणूस ती जशीच्या तशी परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा एकदा तसं सांगतो.

दोन माणसं, दोघांकडे अर्धी-अर्धी माहिती, समोर एकच काम, आणि मध्ये दोघांचीही नसलेली एक भाषा. इंग्रजी शिकवणारे ज्याला ‘इन्फर्मेशन गॅप’ म्हणतात, म्हणजे माहितीतली दरी, ती याहून स्वच्छ कुठे पाहायला मिळणार? वर्गात ती मुद्दाम पाडावी लागते. बंदरात ती रोजची.

भाषा शिकवण्याच्या पद्धतींमध्ये गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक कल्पना मूळ धरून आहे. मुलांना नियम आणि शब्दांच्या याद्या देण्याऐवजी गट करून त्यांच्यापुढे एखादा पेच टाकायचा, आणि तो त्यांना शिकायच्या भाषेत सोडवायला लावायचा. कोडं, नकाशा, वेळापत्रक, चोरीचा तपास, काहीही. मुलं उत्तराच्या मागे लागतात आणि उत्तर मिळवायला त्यांना बोलावंच लागतं. ऐकायला हे फार गोड वाटतं. प्रत्यक्षात ते कधी जमतं आणि कधी सपशेल फसतं हे समजून घ्यायला न्हावा शेवासारखी जागा नाही.

नाव जोडीने घेतलं जातं, पण न्हावा आणि शेवा ही दोन गावं. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, त्यासाठी शेव्याच्या कोळ्यांना घरं सोडून हनुमान कोळीवाड्यात जावं लागलं. २०२३-२४ या वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने मोजल्यास ६४ लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. पण इथला समुद्राशी असलेला शिक्षणाचा धागा बंदरापेक्षा कितीतरी जुना आहे. न्हाव्याला सर मोहम्मद युसूफ यांनी १९१० मध्ये ‘ट्रेनिंग शिप रहमान’ ही नौकाशाळा सुरू केली. नावात जहाज असलं तरी शाळा जमिनीवरची. गरीब घरातली मुलं तिथे शिकून बोटीवर चढली, आणि ती संस्था आजही तिथेच आहे.

त्याही आधीपासून जहाजावर एक वेगळीच भाषा चालायची. हिंदुस्थानी खलाशांची ती ‘लस्करी’ बोली. अरबी, पोर्तुगीज, हिंदुस्थानी आणि किनाऱ्यावरच्या भाषांची भेळ. टॉमस रोबक या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्यातून तिचा कोशच छापला, कारण इंग्रज अधिकाऱ्याला हुकूम सोडायचा तर ‘सारंग’, ‘तांडेल’, ‘सुकाणी’ हे शब्द यायलाच हवेत. म्हणजे भाषा शिकायचं काम तेव्हा साहेबाकडेही होतं. आज ओझं उलट्या खांद्यावर आहे. जनरल पर्पज रेटिंग, म्हणजे साधा खलाशी होण्यासाठी दहावीनंतरचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, आणि त्याला बसायला दहावीच्या इंग्रजीत किमान ४० टक्के गुण लागतात. तांडेल हा शब्द कोळीवाड्यात उरला. जहाजावर सारंगाच्या जागी आता ‘बोसन’.

जहाजावरची इंग्रजी ही शाळेतली इंग्रजी नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये ठरीव वाक्यांचा एक संच मंजूर केला. स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेझेस. जहाजांवर सगळीकडे त्याला ‘एसएमसीपी’च म्हणतात. त्यातली तत्त्वं एखाद्या व्याकरणपंडिताला अडाणी वाटतील. महत्त्वाच्या निरोपाआधी तो कशा प्रकारचा आहे ते सांगायचं: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती की इरादा. असे आठ प्रकार. आकडे एकेक करून उच्चारायचे. दीडशे म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो’, कारण ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ वायरलेसच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. आणि ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘शुड’ हे शब्द टाळायचे. शाळेत ज्यांना आपण सौजन्याची क्रियापदं म्हणून शिकवतो, नेमके तेच. कारण ‘मे आय एंटर’मध्ये परवानगी मागितली आहे की शक्यता सांगितली आहे हे समोरच्याला कळत नाही, आणि धुक्यात विचारत बसायला वेळ नसतो.

ही काटकसर हौसेतून आलेली नाही. ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेहून डेन्मार्कला जाणाऱ्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि १५९ माणसं गेली. कर्मचाऱ्यांमध्ये पोर्तुगीज बोलणारे बरेच होते आणि प्रवाशांशी बोलायला त्यांच्याकडे समान भाषा नव्हती. वाक्यं ठरल्यानंतरही, ७ नोव्हेंबर २००७ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज दाट धुक्यात पुलाच्या खांबाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर तेल पाण्यात गेलं. पायलट अमेरिकी, कॅप्टन चिनी. इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ पायलटने विचारला, उत्तर मिळालं, पण दोघांच्या मनात वेगवेगळं चित्र होतं. चौकशीत पायलट घेत असलेल्या औषधांवरही बोट ठेवलं गेलं. पण मास्टर-पायलट एक्स्चेंज धड झालं नव्हतं, हा ठपकाही तिथेच आला. आपल्या पाण्यात धोका काय असतो ते ७ ऑगस्ट २०१० ला दिसलं. न्हावा शेवाहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेलाचा तवंग किनाऱ्याला लागला आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प होती.

म्हणून आता नुसती वाक्यं पाठ असून भागत नाही. जहाजी प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम २०१० मध्ये मनिला इथे सुधारले गेले, तेव्हा ब्रिजवरचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथलं गटकाम, नेतृत्व आणि आपसातला संवाद हे अधिकाऱ्यांसाठी परीक्षेचे विषय झाले. तीन-चार प्रशिक्षणार्थी सिम्युलेटरच्या अंधाऱ्या खोलीत उभे केले जातात. समोरच्या पडद्यावर बंदर, बाजूला रडार, हातात वायरलेस. शिक्षक काचेपलीकडे बसून अचानक इंजिन बंद पाडतो, मध्येच मच्छीमार बोट सोडतो. कोण काय बोललं, कोणी परत म्हटलं नाही, कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे नंतर रेकॉर्डिंग लावून दाखवलं जातं. खरा धडा त्या नंतरच्या अर्ध्या तासात असतो.

शाळेच्या वर्गात हीच गोष्ट भारतातच, आणि बरीच आधी, करून पाहिली गेली. एन. एस. प्रभू हे मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी अध्यापनाचं काम पाहत. बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशबरोबर त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या मोजक्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग चालवला. जगभरच्या भाषाशिक्षकांत तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचा ठरलेला क्रम नाही, शब्दांची यादी नाही, घोकंपट्टी नाही. रोज एक कोडं. रेल्वेचं वेळापत्रक देऊन कोणती गाडी घ्यावी ते विचारायचं. नकाशा देऊन रस्ता काढायला लावायचा. आधी शिक्षक पूर्ण वर्गाबरोबर तसंच एक कोडं तोंडी सोडवून दाखवायचा, मग मुलं दुसरं आपलं आपण सोडवायची. निम्म्या वर्गाला निम्मं बरोबर आलं तर कोडं जमलं, असा साधा हिशेब. प्रभूंचं म्हणणं एवढंच होतं की मूल अर्थाच्या मागे लागलेलं असतं तेव्हा व्याकरण त्याच्याही नकळत आत उतरतं. १९८७ मध्ये ऑक्सफर्डने त्यांचं पुस्तक काढलं आणि पुढे ‘टास्क’ हा शब्द जगभरच्या भाषाशिक्षकांच्या तोंडी बसला.

कोड्यांचे त्यांनी तीन प्रकार केले. एक, एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोचवायची. दोन, दिलेल्या माहितीवरून तर्काने नवं काही काढायचं. तीन, स्वतःचं मत मांडायचं. प्रभूंना दुसरा प्रकार सगळ्यात आवडायचा. का, ते त्यांच्या वेळापत्रकांकडे पाहिलं की समजतं. मत मागितलं की धीट मूल बोलतं आणि भित्रं गप्प बसतं. हिशेब मागितला की दोघांनाही डोकं चालवावं लागतं, आणि उत्तर चुकलं की कुठे चुकलं ते दाखवता येतं.

आता हे न्हावा शेवाच्या मातीत कसं दिसेल? समजा उरण-पनवेलमधला नववीचा वर्ग आहे. चार-चार मुलांचे गट. प्रत्येकाला एक चिठ्ठी. ती दुसऱ्याला दाखवायची नाही, वाचूनही द्यायची नाही, फक्त सांगायची. पेच असा: निफाडहून निघालेला द्राक्षांचा रीफर, म्हणजे आतून थंड राखलेला कंटेनर आजच्या जहाजावर चढेल का? आत्ता सकाळचे अकरा वाजलेत.

पहिली चिठ्ठी निर्यातदाराची. त्याच्या कागदावर सील नंबर ४४७१ आहे. पुढचं जहाज आठवड्याने आहे आणि तोवर माल थांबणार नाही. दुसरी ट्रेलरच्या ड्रायव्हरची. तो करळ फाट्याला अडकलाय, तिथून गेटपर्यंत ४० मिनिटं लागतील, आणि दरवाजाला लावलेल्या सीलवर त्याला ४४१७ दिसतंय. तिसरी कस्टम हाउस एजंटची, म्हणजे सीएचएची. गेट दुपारी दोनला बंद होतं. गेटवर दाखवायच्या त्याच्या फॉर्म तेरावर ४४७१ लिहिलंय. नंबर जुळला नाही तर गेटवर गाडी अडेल, आणि फॉर्म दुरुस्त करायला दोन तास लागतील. चौथी रीफरच्या मेकॅनिकची. कंटेनर थंड ठेवणाऱ्या जेनसेटचं, म्हणजे जनरेटरचं डिझेल संपत आलंय, आतलं तापमान शून्याजवळ हवं ते चढायला लागलंय, आणि डिझेल भरून घ्यायला अर्धा तास जाईल.

मुलं सुरुवातीला आपापली चिठ्ठी घडाघडा वाचल्यासारखं सांगतात. मग कुठेतरी अडतं.

‘‘सील नंबर व्हॉट?’’

‘‘फोर्टी-फोर सेव्हंटी-वन.’’

‘‘माइन इज फोर्टी-फोर सेव्हंटीन.’’

‘‘सेम सेम!’’

‘‘नॉट सेम. स्पीक स्लो. फोर, फोर, सेव्हन...’’

इथे शिक्षकाने काहीही न शिकवता मुलं एसएमसीपीच्या आकड्यांच्या नियमाशी येऊन पोचतात. जगभरच्या बंदरांनाही हे एका दमात सुचलेलं नाही. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं आणि सहा आकड्यांनंतर एक सातवा आकडा असतो तो याचसाठी. आधीच्या दहा चिन्हांवर गणित करून तो काढतात, म्हणजे कुठे उलटापालट झाली की पकडता येते.

पुढे हिशेब येतो. गट बेरीज करतो: दोन तास दुरुस्ती, अर्धा तास डिझेल, चाळीस मिनिटं रस्ता. तीन तास दहा मिनिटं. अकरामध्ये मिळवले तर दोन वाजून दहा. गेट बंद! दहा मिनिटांनी जहाज चुकलं, द्राक्षं गेली. बरेच गट इथे हात टेकतात. मग एखादं मूल, बहुधा ड्रायव्हरची चिठ्ठी हातात असलेलं, म्हणतं की सगळं एकामागून एक कशाला? कागदाचं काम चालू असताना डिझेल भरून होईल आणि गाडीही निघेल. ‘असताना’ला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्याला येत नसतं. तो हातवारे करतो, मराठीत सांगतो, मग मॅडमकडे बघतो. त्या वेळी ‘व्हाइल’ हा शब्द फळ्यावर लिहिला तर तो तिथेच राहतो, कारण त्या एका शब्दावर सगळा पेच सुटलाय. एक वाजता दुरुस्त फॉर्म हातात, त्याच्या पन्नास मिनिटं आधीच ट्रेलर गेटवर. वहीत ‘व्हाइल’ची दहा वाक्यं घटवून हे होत नाही.

एवढं सगळं वाचून बाकं सरकवायला निघालेल्या शिक्षकाने जरा थांबावं. ज्या प्रभूंमुळे हा विचार जगभर गेला, त्यांना स्वतःला गटकाम फारसं पटत नव्हतं. त्यांच्या वर्गात बोलणं शिक्षक आणि पूर्ण वर्ग यांच्यात व्हायचं आणि कोडं मूल एकट्याने सोडवायचं. त्यांची भीती सरळ होती. ज्यांना भाषा येत नाही अशी चार मुलं एकमेकांशी बोलली, तर एकमेकांच्या चुका पक्क्या करत एक मोडकीतोडकी घरगुती बोली तयार होईल. वरच्या संवादातलं ‘सेम सेम’ आठवा.

१९८५ मध्ये मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर या अमेरिकी संशोधकांनी याच्या नेमकं उलट बाजूने मांडणी केली. तोवर झालेले अभ्यास एकत्र लावून त्यांनी दाखवलं की शिक्षकासमोर मुलं जितकं बरोबर बोलतात, तितकंच ती गटातही बोलतात. बोलण्याची संधी मात्र कितीतरी पटीने वाढते. त्यांच्या युक्तिवादातला सगळ्यात सोपा भाग साध्या भागाकाराचा आहे, तो आपल्या वर्गाला लावून बघता येईल. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुलं. निम्मा वेळ शिक्षक बोलले तर उरतात साडेसतरा मिनिटं, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला एकवीस सेकंद. वर्षभर रोज एकवीस सेकंद बोलून कोणाला भाषा आली आहे?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असू शकतं, आणि बंदराच्या उदाहरणात ते जुळतं. गट केल्याने भाषा येत नाही. दुसऱ्याकडे असलेलं आपल्याकडे नाही आणि ते मिळाल्याशिवाय काम अडतं, ही गरज निर्माण झाली तर येते. चार मुलांना एकच प्रश्नपत्रिका देऊन ‘चर्चा करा’ म्हटलं, तर हुशार मूल उत्तर लिहितं, बाकीचे तीन खिडकीबाहेर बघतात आणि सगळे मराठीत बोलतात. हा गट नाही, हा एका मुलाचा तास आणि तिघांची सुट्टी. इलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात हा गुंता सोडवला होता, तोही भाषेसाठी नव्हे. काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि मारामाऱ्या सुरू होत्या. त्याने धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. ज्याला चिडवायचं त्याच्याकडेच उत्तराचा तुकडा असल्यावर त्याचं ऐकून घेणं भाग पडलं. ‘जिगसॉ’ नावाने ती पद्धत आज जगभर वापरतात. भाषेच्या वर्गात ती आयती बसते, कारण इंग्रजीत कच्चं असलेलं मूल एरवी वर्गात मुकं असतं. चिठ्ठी हातात आली की त्याला विचारल्यावाचून कोणाचंही भागत नाही.

मराठी मुलांना मध्येच मराठी बोलू द्यायचं का, यावर शिक्षकांच्या बैठकीत हमखास वाद होतो. बंदी घातली की वर्ग गप्प होतो, मोकळीक दिली की सगळा पेच मराठीतच सुटतो. मधला रस्ता सोपा आहे: डोकं हव्या त्या भाषेत चालवा, पण चिठ्ठीतली माहिती आणि शेवटचं उत्तर इंग्रजीतच. खुद्द जहाजावर तरी काय वेगळं होतं? फिलिपिनो खलाशी आपसात टागालोगमध्येच गप्पा मारतात. दुसऱ्या जहाजाशी किंवा किनाऱ्याशी, वायरलेसवर, ब्रिजवरून बोलताना मात्र समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या ‘सोलास’ कराराप्रमाणे इंग्रजी.

महाराष्ट्राने जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आणलं. तो निर्णय बराच गाजला, पण वाद चालला तो विषय लवकर यावा की उशिरा यावर. कसा शिकवावा यावर तेवढा चालला नाही. २०१६ मध्ये राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी नऊ जिल्ह्यांत ‘तेजस’ हा उपक्रम सुरू केला. त्यातली एक गोष्ट इथे लागू पडते: शिक्षकांनी एकत्र जमून आपल्या वर्गातल्या अडचणी एकमेकांना सांगायच्या आणि सोडवायच्या, असे गट त्यात बांधले होते. हे आधी व्हायला हवं, कारण ज्या शिक्षकाने स्वतः गटात बसून कधी पेच सोडवला नाही, त्याला गोंगाट म्हणजे बेशिस्तच वाटणार. बंगळूर प्रकल्पाच्या अभ्यासकांनाही हेच आढळलं. ज्यांची इंग्रजीवर पकड होती त्यांना ही पद्धत झेपली, नेहमीच्या शिक्षकांना जड गेली. शिवाय मुख्याध्यापकांचा प्रश्न उरतोच. पन्नास मुलं एकदम बोलत असलेल्या वर्गाबाहेरून जाताना ते काय म्हणणार?

इंग्रजीएवढीच ही गोष्ट इथे मराठीला लागू आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं. बंदर, गोदामं आणि नवी मुंबईच्या इमारतींमुळे पनवेल-उरणच्या शाळांत भोजपुरी, मल्याळम, तेलुगू, बंगाली बोलणारी मुलं आहेत. त्यांना ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध पाठ करायला लावून मराठी येणार नाही. त्याच वर्गात आगरी-कोळी मुलंही असतात. त्यांची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे म्हणून एरवी त्यांच्याच चुका काढल्या जातात. एक गट करा. पाचशे रुपयांत सहा माणसांचं मासळीचं जेवण बसवा. आजचे बाजारभाव एकाच्या चिठ्ठीवर, कोण काय खात नाही ते दुसऱ्याच्या, आणि जिताडा कधी मिळतो, कोलंबी कशी निवडायची, निवट्या कशा साफ करायच्या, हे फक्त कोळीवाड्याच्या मुलाला ठाऊक. मराठीच्या तासाला त्या मुलाकडे सगळ्यांनी वळावं, असं वर्षात किती वेळा होतं?

या सगळ्याला पैसा लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. वहीची दोन पानं फाडून चार चिठ्ठ्या होतात. लागते ती शिक्षकाची आदल्या संध्याकाळची तासभर मेहनत. कोणाकडे काय लपवायचं, आकडे असे ठेवायचे की एकट्याने उत्तर सुटू नये, घाईने बेरीज करणारा दहा मिनिटांनी चुकावा. आणि शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची, सिम्युलेटरनंतर कॅप्टन ठेवतात तशी: कोण काय बोललं, कुठे अडलं, कोणता शब्द कमी पडला. गोंगाटाचा उपयोग त्या दहा मिनिटांत कळतो. ती कापली तर बाकीच्या तासातून फक्त गंमत उरते.

सुरुवात करायला कंटेनर, रीफर, फॉर्म तेरा यांची गरज नाही. प्रभूंची आवडती वस्तू, रेल्वेचं वेळापत्रक, आता आपल्या दारात आली आहे. उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ पासून धावते, आणि पनवेलहून उरणला जायचं तर बेलापूरला गाडी बदलावी लागते. हार्बरचं वेळापत्रक एका मुलाला द्या, उरण लाइनचं दुसऱ्याला. तिसऱ्याला सांगा की त्याच्या आजीला जिना चढून प्लॅटफॉर्म बदलायला बारा मिनिटं लागतात. चौथ्याला सांगा की उरणच्या दवाखान्यात साडेदहाला नंबर आहे. मग विचारा, पनवेलहून कितीची गाडी पकडायची, आणि शिक्षकांनो, त्यानंतर पंधरा मिनिटं काहीही बोलू नका.